विजयदुर्गची सहल आणि वहीतले तीन रकाने

मुलांनो, सहल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर आधी काय येतं? एसटीतली खिडकीजवळची जागा, डब्यातली बटाट्याची भाजी आणि घसा बसेपर्यंत खेळलेल्या गाण्यांच्या भेंड्या. बरोबर ना? आमच्या शाळेतही अगदी असंच असतं.

मी देवगड तालुक्यातल्या एका लहानशा शाळेत शिकवते. गेल्या डिसेंबरात पाचवी ते सातवीच्या बत्तीस मुलांना घेऊन आम्ही विजयदुर्गला गेलो होतो. तुम्हालाही शाळेबरोबर किंवा घरच्यांबरोबर तिथे जायचं असेल, तर काय काय पाहायचं आणि कसं पाहायचं, ते आज सांगणार आहे. आणि हो, त्या दिवशी खुद्द बाईंचीच एक चूक कशी सापडली, तेही सांगणार आहे. हसायचं नाही हं!

निघायच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना वहीच्या पानावर तीन रकाने आखायला लावले. पहिल्या रकान्याला नाव दिलं 'पाहिलं', दुसऱ्याला 'ऐकलं' आणि तिसऱ्याला 'तपासलं'. डोळ्यांनी दिसेल ते पहिल्यात, कुणी सांगेल ते दुसऱ्यात. आणि दुसऱ्यातली जी गोष्ट आपण पुस्तकांतून किंवा जाणत्या माणसांना विचारून पडताळून पाहू, ती तिसऱ्यात. मुलं कुरकुरली. "बाई, सहलीतपण अभ्यास?" मी म्हटलं, "अभ्यास नाही रे, खेळ आहे. बघा तरी!"

विजयदुर्ग सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, वाघोटन खाडीच्या मुखाशी आहे. खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातला राजापूर तालुका. मुंबई-गोवा महामार्गाने आलात, तर तळेऱ्याला पश्चिमेकडे वळायचं. तिथून साधारण पन्नास किलोमीटरवर समुद्र भेटतो. आम्ही प्रासंगिक करारावर एसटी घेतली होती. आंब्याच्या बागा आणि जांभ्या दगडाचे सडे मागे टाकत दहाच्या सुमारास गाडी किल्ल्यासमोर उभी राहिली.

आणि सगळे एकदम गप्प झाले! समोर काळाकभिन्न तट आणि त्यामागून समुद्राची गाज. पूर्वी या किल्ल्याच्या चारही बाजूंना पाणी होतं. आता पूर्वेकडून जमिनीवरून आत जाता येतं, बाकीच्या तीन बाजूंना समुद्र आणि खाडी. दाराजवळच्या मारुतीला नमस्कार करून आम्ही आत शिरलो.

किल्ल्याचं आतलं दार लांबून मुळी दिसतच नाही. वाट वळते, दोन्ही बाजूंनी बुरूज अंगावर येतात आणि मग अचानक दार समोर येतं. मी मुलांना विचारलं, "दार असं लपवून का बांधलं असेल?" सातवीतला एक जण म्हणाला, "बाई, शत्रूला हत्ती पळवत आणायला जागाच नको म्हणून." शाब्बास! वळणावर अडलेल्या शत्रूवर वरून मारा करणंही सोपं. 'पाहिलं' या रकान्यात पहिली नोंद झाली.

मग मोजामोजी सुरू झाली. या किल्ल्याला एकामागे एक अशी तीन तटांची तटबंदी आहे. बुरूज सत्तावीस. किल्ल्याचा आवार सुमारे सतरा एकरांचा. आत सदर, दारूकोठार, खलबतखाना, पाण्याचे हौद आणि बऱ्याच पडक्या इमारती आहेत. चारही बाजूंना खारं पाणी असताना आतल्या माणसांनी प्यायचं काय? म्हणून पावसाचं पाणी साठवायला हे हौद. समुद्राकडच्या तटावर तोफगोळ्यांचे वण दिसतात. मुलांनी बोटं घालून त्यांची खोली पाहिली. पुस्तकातल्या लढाया एकदम खऱ्या वाटायला लागल्या.

आता थोडा इतिहास. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला बांधला, असं सांगतात. तेव्हा त्याला गिर्ये गावावरून घेरिया म्हणत. पुढे तो आदिलशहाकडे गेला. शिवाजी महाराजांनी तो जिंकून घेतला, भक्कम केला आणि त्याचं नाव विजयदुर्ग ठेवलं. नंतर कान्होजी आंग्रे यांनी इथे आरमाराचं मोठं ठाणं केलं. १७१७ आणि १७२० मध्ये इंग्रज चालून आले, १७२४ मध्ये डच आले. तिघांनाही हात हलवत परत जावं लागलं.

हे ऐकताना मुलांनी टाळ्या पिटल्या. पण पुढची गोष्ट टाळ्यांची नव्हती. निशाणकाठीच्या उंचवट्यावरून मी त्यांना खालची खाडी दाखवली. १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्रे यांचं आरमार याच पाण्यात उभं होतं. समुद्रातून वॉटसनच्या इंग्रजी युद्धनौका आल्या, त्यांच्यावर क्लाइव्हची फौज होती. आणि जमिनीवरून कोण आलं, ठाऊक आहे? पेशव्यांचं सैन्य. इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून ही मोहीम काढली होती. एक जळता गोळा एका जहाजावर पडला. जहाजं जवळजवळ बांधलेली असल्याने आग पसरत गेली आणि बघता बघता सगळं आरमार जळून गेलं. किल्ला पडला.

"म्हणजे बाई, आपल्याच माणसांनी?" एका मुलाने विचारलं.

"होय. आपल्याच माणसांनी."

त्याला ते आवडलं नाही. मलाही सांगायला आवडत नाही. पण इतिहासातलं आवडेल तेवढंच सांगायचं आणि न आवडेल ते गाळायचं, असं करून कसं चालेल? त्याच वर्षी पेशव्यांनी बाणकोट इंग्रजांना देऊन विजयदुर्ग आपल्याकडे घेतला. इथे पुन्हा आरमार उभं राहिलं. आनंदराव धुळप हे त्याचे नामांकित सरदार. गावात धुळपांचा वाडा आहे.

डबे खाऊन झाल्यावर आम्ही गेलो 'साहेबाच्या ओट्यां'कडे. आणि आता येते माझी चूक!

तुम्ही फुग्यात भरतात तो हेलियम वायू ऐकला आहे ना? १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं होतं. चंद्राची दाट सावली आपल्या या किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणम अशी सरकत गेली. 'लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बीण ठेवून ग्रहण पाहिलं आणि इथेच हेलियमचा शोध लावला,' असं इकडे सगळे सांगतात. मीही कित्येक वर्षं वर्गात तेच सांगत आले होते. त्या दिवशीही ओट्याशेजारी उभी राहून मोठ्या ऐटीत सांगितलं.

तेवढ्यात सहावीतल्या एका मुलीने हात वर केला. तिचे बाबा मासेमारीला जातात. ती म्हणाली, "बाई, ऑगस्टात तर हय पावस पडता. बाबांची होडी तवा शाकारून ठेवलेली असता. मगे त्या सायबाक सूर्य कसो दिसलो?"

काय उत्तर देणार? मला उत्तर येत नव्हतं. "अगं, त्या दिवशी उघडीप पडली असेल," असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. तोंडावर आलंही होतं. पण तिच्या वहीतले ते तीन रकाने दिसले, तेही मीच आखायला लावलेले! मी म्हटलं, "मला माहीत नाही. आत्ता हे 'ऐकलं'मध्ये लिही. पुढच्या आठवड्यात आपण तपासू."

घरी आल्यावर मी जवळच्या हायस्कुलातल्या विज्ञानाच्या सरांकडून पुस्तकं आणली. आणि वाचता वाचता कपाळाला हात लावला. अहो, लॉकियर त्या ग्रहणासाठी हिंदुस्थानात आलेच नव्हते! ते इंग्लंडमध्ये होते.

मग झालं काय होतं? ग्रहणाच्या दिवशी जान्सेन नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ आंध्रातल्या गुंटूरला होते. सूर्याच्या कडेला ज्वाळा दिसतात, त्यांचा प्रकाश त्यांनी वर्णपटदर्शकातून पाहिला. पावसाच्या थेंबांतून ऊन जाऊन इंद्रधनुष्य होतं ना, तसे प्रकाशाचे रंग हे यंत्र वेगळे करून दाखवतं. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा त्यात ठरलेल्या जागी दिसतात, जसे प्रत्येकाच्या बोटांचे ठसे वेगळे. जान्सेन यांना त्या ज्वाळांच्या रेघा इतक्या तेजस्वी दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील, असं त्यांच्या लक्षात आलं. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहिल्याही! तिकडे लंडनला लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला, ग्रहणाशिवाय, स्वतंत्रपणे तेच केलं. गंमत म्हणजे दोघांच्या शोधाची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. त्या प्रकाशात एक पिवळी रेघ होती. ती ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. हे नवं मूलद्रव्य असावं, असं लॉकियर यांनी मांडलं. 'हेलिऑस' म्हणजे ग्रीक भाषेत सूर्य, त्यावरून हेलियम. पृथ्वीवर तो सापडायला मात्र १८९५ साल उजाडलं. रॅमसे यांना तो एका खनिजातून मिळाला.

आणि पावसाची शंका? तीही रास्तच होती. घाटापलीकडे जमखंडीला हर्शेल नावाचे अधिकारी असंच यंत्र घेऊन बसले होते. त्यांनाही ढगांनी सतावलं. ढगांच्या फटींतून जेवढं दिसलं, तेवढं त्यांनी टिपलं.

सोमवारी मी वर्गात हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, "इतकी वर्षं मी चुकीचं शिकवलं. चूक माझी. आणि ती सापडली या मुलीच्या प्रश्नामुळे." वर्ग क्षणभर शांत होता. मग एकाने हिरमुसून विचारलं, "मग बाई, आपलो किल्लो ल्हान झालो?"

मुलांनो, तुम्हाला काय वाटतं? मी त्याला वही उघडायला सांगितली. तीन तट, सत्तावीस बुरूज, लपलेलं दार, तोफगोळ्यांचे वण. यातलं काही कमी झालं का? शिवाय जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांत विजयदुर्ग आहे. ते काही हेलियममुळे नव्हे! एवढा मोठा किल्ला खऱ्या गोष्टींवर ताठ उभा राहू शकतो. उसनी गोष्ट त्याला कशाला हवी?

आणि 'ऐकलं' म्हणजे खोटं, असंही समजू नका बरं. इथले जुने लोक सांगत आले, की किल्ल्याजवळ समुद्रात बुडालेली भिंत आहे आणि तिच्यावर आपटून शत्रूची जहाजं फुटत. ऐकणाऱ्याला वाटावं, थाप! पण गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी खाली उतरून पाहिलं, तर खरोखरच दगडांची भिंत मिळाली. सुमारे १२२ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि ७ मीटर रुंद! म्हणजे ऐकलेली गोष्ट कधी खरी निघते, कधी नाही. तपासल्याशिवाय कसं कळणार?

वेळ असेल तर आणखी दोन ठिकाणं चुकवू नका. खाडीच्या काठाने थोडं आत गेलं की आरमाराची जुनी गोदी आहे. खडक फोडून केलेली, सुमारे साडेतीनशे फूट लांब. जहाजं दुरुस्तीला इथे आणत. दुसरं, गिर्ये इथलं रामेश्वराचं देऊळ. जांभा कापून केलेल्या खोल वाटेने खाली उतरावं लागतं. जवळच संभाजी आंग्रे यांची समाधी आहे.

आता चार शब्द पालकांसाठी आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींसाठी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात तटावर शेवाळ असतं, दगड निसटतात. अलीकडच्या काही पावसाळ्यांत तटाचे भाग ढासळलेही आहेत. पाच-पाच मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटात एक मोठं मूल ठेवावं. तटाच्या कठड्यावर कुणालाही चढू देऊ नये. टोप्या आणि पिण्याचं पाणी बरोबर हवं. किल्ला घाईत उरकू नका, निदान तीन तास द्या. बाहेरून तट पाहायचा असेल, तर ओहोटीची वेळ गावात विचारून घ्या. आणि दगडांवर नावं कोरायची नाहीत, हे निघण्यापूर्वीच बजावा. मुलांनी असा काही प्रश्न विचारला, की ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही, तर 'माहीत नाही' म्हणायला लाजू नका.

ती सहावीतली मुलगी सध्या काय करते, माहीत आहे? किल्ल्यातून गावात धुळपांच्या वाड्यापर्यंत भुयार आहे म्हणतात. तिने ते 'ऐकलं'मध्ये लिहून ठेवलं आहे आणि रोज मला विचारते, "बाई, ह्या कधी तपासूचा?"

तेव्हा मुलांनो, विजयदुर्गला जरूर या. डबा विसरलात तरी चालेल, आमच्याकडची मुलं तुम्हाला आपल्यातलं देतील. पण वही मात्र विसरू नका. आणि तिसरा रकाना कोरा ठेवून परत जाऊ नका!