नगरचा स्पाइक

स्पाइक मिलिगन जन्माने आपल्या नगरचा. १६ एप्रिल १९१८. खरं नाव टेरेन्स अ‍ॅलन. वडील लिओ आयरिश. नोकरी इंग्रजांच्या तोफखान्यात आणि हौस रंगमंचावर नाचगाणी करण्याची. पोर पुण्याच्या कॅम्पात वाढलं, मग रंगूनला. पुढे घरच्यांनी इंग्लंडला बिऱ्हाड हलवलं.

*

'द गून शो', बीबीसी रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम, १९५१ ते १९६०. मिलिगन, पीटर सेलर्स, हॅरी सीकम. लेखन मुख्यतः मिलिगनचं. त्यातला मेजर ब्लडनॉक हा सेलर्सच्या आवाजातला भित्रा, लाचखाऊ फौजी साहेब. तोंडाने मर्दुमकी, आणि गोळी सुटली की पाय आधी दाराकडे. हा मेजर लंडनमध्ये सुचला असेल असं मला वाटत नाही. साहेबाला बंगल्याच्या व्हरांड्यातून पाहणारे वेगळे आणि बराकीतून पाहणारे वेगळे. मिलिगन बराकीतला.

*

सीकमची पहिली भेट उत्तर आफ्रिकेत, युद्धात. मिलिगनच्या तुकडीची तोफ कड्यावरून घरंगळत खाली सीकमच्या तळाजवळ आदळली. मागोमाग मिलिगन चौकशीला हजर: इथे कुणी तोफ पाहिली का?

*

'गून शो'साठी मिलिगनला मोज्यात भरलेलं कस्टर्ड भिंतीवर आपटल्याचा आवाज हवा होता. रेडिओवर! बीबीसीच्या कँटीनमधल्या बाईंकडून कस्टर्ड करवून घेतलं, पायातला मोजा काढला, भरला, गरगरा फिरवून आपटला. आवाज मनासारखा आलाच नाही. अशा किश्श्यात थोडा मीठमसाला धरून चालावं. पण कान असा हट्टी असल्याशिवाय 'गून शो' होत नाही.

*

दर आठवड्याला नवा भाग. १९५२ च्या अखेरीस डोकं फिरलं. बटाटे सोलायची सुरी घेऊन तो सेलर्सला मारायला निघाला होता, असं त्यानेच पुढे सांगितलं. मग इस्पितळ. तिथून पुन्हा लेखन. आयुष्यभर ही ये-जा चालू राहिली.

*

'करी अँड चिप्स', टीव्ही मालिका, १९६९. पुण्यात हिंदुस्थानी बोलत वाढलेला हा माणूस तोंडाला तपकिरी रंग फासून पाकिस्तानी-आयरिश कामगार झाला. तक्रारी आल्या, सहा भागांत गाशा गुंडाळला. हेतू वंशद्वेषाची टर उडवण्याचा होता म्हणे. मला पाहवत नाही. बराकीतून साहेब नेमका दिसला, खालचा माणूस मात्र तितका नाही.

*

ब्रिटिश सैन्यातून लढला, १९४४ मध्ये इटलीत जखमी झाला. तरी पासपोर्टासाठी राणीशी निष्ठेची शपथ घे म्हणाले. हा घेईना. वडिलांच्या जन्माच्या जोरावर १९६२ मध्ये आयरिश नागरिक झाला. म्हणून पुढे नाइटहूड मिळाला तोही मानद. नावाआधी 'सर' लागलंच नाही.

*

इंग्लंडमधल्या विंचेल्सीच्या दफनभूमीतला त्याचा दगड. "मी आजारी आहे, सांगत होतो ना" अशा अर्थाचं वाक्य त्याला कोरून हवं होतं. चर्चच्या मंडळींना ते रुचेना. शेवटी आयरिश भाषेत कोरलं, तेव्हा चाललं.

*

सीकम एप्रिल २००१ मध्ये गेला. बरं झालं आधी गेला, म्हणाला मिलिगन, नाहीतर माझ्या अंत्यविधीला गायला असता. पुढच्या फेब्रुवारीत मिलिगन गेला. त्याच्या स्मरणसभेत सीकमच्या गाण्याची ध्वनिफीत वाजवली.