घाटावरचं पाणी, घाटाखालचं पाणी

शेगावच्या कुठल्याही हॉस्टेलमध्ये शनिवारी संध्याकाळी ऐकू येणारं वाक्य एकच असतं : "इथे बघण्यासारखं आहेच काय?" मंदिर झालं, कचोरी झाली, स्टेशनवर उभं राहून हावड्याच्या आणि मुंबईच्या गाड्या मोजून झाल्या. मग उरतात मेसचं वरण, पेंडिंग जर्नल्स आणि मोबाइल. हे वाक्य मीही फर्स्ट इयरला भरपूर वापरलं आहे. पण मागच्या दोन वर्षांत, एसटीच्या कृपेने आणि आउटिंग रजिस्टरमध्ये सह्या करकरून, जिल्ह्यात जेवढं फिरता आलं तेवढं फिरले. त्याचाच हा हिशोब.

मी नाशिकची, आणि दहावीपर्यंत कॉन्व्हेंटची. 'वॉटरशेड' या शब्दाची व्याख्या सातवीत इंग्रजीतून घोकून पाच मार्क मिळवलेले आहेत. पण पाणी खरोखर दोन दिशांना कुठे फुटतं ते दाखवलं या जिल्ह्याने. हा लेख इंग्रजी सेक्शनला द्यायचा विचार होता. रूममेट म्हणाली, "आमच्या गावाबद्दल लिहिशील ना, मग मराठीत लिही. घरी वाचता आलं पाहिजे." ती संग्रामपूर तालुक्यातली. तिचं गाव शेवटी येईल.

इथे कुणी नवीन भेटलं की पहिला प्रश्न येतो, "घाटावरचे का घाटाखालचे?" सुरुवातीला मला वाटलं, हे काहीतरी जातीपातीचं प्रकरण असावं. निघाला निव्वळ भूगोल! अजिंठ्याच्या डोंगररांगेचा कडा जिल्ह्याच्या मधून आडवा जातो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. मलकापूरहून बस राजूर घाट चढायला लागली की मे महिन्यातसुद्धा खिडकीतून येणारी हवा बदलते. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. आपण मात्र खाली, पूर्णेच्या सपाट खोऱ्यात भाजत असतो.

गंमत पुढे आहे. या कड्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस नळगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांतून पूर्णेला मिळतो, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. कड्याच्या वर, बुलढाण्याजवळच्या मढ गावापाशी पैनगंगा उगम पावते. ती मेहकरवरून विदर्भाच्या सीमेने पूर्वेकडे जाते, वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत थेट बंगालच्या उपसागरात. म्हणजे एकाच ढगातले दोन थेंब, एक कड्याच्या अलीकडे पडला, एक पलीकडे, तर त्यांची गाठ पुन्हा देशात कुठेही पडत नाही. त्यात आणखी घोळ म्हणजे जिल्ह्यात पूर्णा दोन आहेत. घाटाखालची तापीला जाते. घाटावरची, जिला खडकपूर्णा म्हणतात, ती गोदावरीला. व्हायव्हाला हा प्रश्न आला तर अर्धा वर्ग उडेल.

कड्याच्या उतारावर आहे ज्ञानगंगा अभयारण्य. खामगावहून बुलढाण्याला बोथ्याच्या मार्गाने गेलात तर रस्ता त्याच्यातूनच जातो. सुमारे २०५ चौरस किलोमीटर, १९९७ साली घोषित झालेलं. सागवानाचं कोरडं जंगल, उन्हाळ्यात पार उघडं पडलेलं. बिबट्या आहे, अस्वल आहे. आम्हाला दिसले मोर, नीलगायी आणि पलढगच्या पाण्यावर बसलेले पक्षी, ज्यांची नावं आमच्यापैकी एकीलाही येत नव्हती. पण ही जागा देशभर गाजली ती एका पाहुण्यामुळे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ च्या उन्हाळ्याअखेर घर सोडून निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचं पाऊल न पाऊल नोंदलं गेलं. तेलंगणातून वळसा घालत, शेतं, कालवे, हायवे ओलांडत सुमारे १,३०० किलोमीटर चालून तो त्या डिसेंबरमध्ये ज्ञानगंगेत पोचला. लोकांनी त्याचं नाव 'वॉकर' ठेवलं. कॉलर निघेपर्यंत त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली होती. इथे त्याला खायला होतं, प्यायला होतं, पण जोडीदार नव्हती. रूममेट म्हणाली, "आपल्यासारखंच की, घर सोडून शेगावला!" आम्ही हसलो. पण त्या कोरड्या जंगलात उभं राहिल्यावर जाणवलं की जंगलाचे तुकडे झाले की वाघाला असंच चालावं लागतं, आणि प्रत्येकाच्या चालण्याची बातमी होत नाही.

आता लोणार. खामगाव, मेहकर करत जायचं. मेहकरला पैनगंगा ओलांडायची. लोणारला आधी काहीच दिसत नाही. साधं गाव, टपऱ्या, थोडा चढ, आणि एकदम पायाखालची जमीनच संपते! सुमारे १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटर खोल, जवळजवळ गोल खड्डा आणि तळाशी पाणी. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षं, हा ज्वालामुखीचा की उल्केचा, यावर वाद चालला. १९७० च्या दशकात खडकात प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी काच सापडली आणि निकाल लागला. बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेली, इतकी नीट टिकलेली विवरं पृथ्वीवर फारच थोडी. वयाचा अंदाज मात्र बदलत गेला. आधी पन्नास हजार वर्षं धरत. २०१० च्या सुमारास आर्गॉनच्या पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं.

खाली उतरताना आधी धार लागते. गोमुखातून पडणारं गोड पाणी, लोक आंघोळी करतात. तेच पाणी तळ्यात गेलं की खारं. पीएच दहाच्या आसपास, म्हणजे आपल्या केमिस्ट्री लॅबमधल्या वॉशिंग सोड्याच्या जवळपास. कारण सोपं आहे. या खड्ड्यात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी उचलून नेतं, क्षार मागे ठेवतं, हजारो वर्षं. पुराणातली गोष्ट सांगते की इथे लवणासुर राहायचा, विष्णूने त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदनाचं देखणं मंदिर त्याच गोष्टीचं. लवण म्हणजे मीठ, आणि राक्षस म्हणजेही मीठच! कमळजा देवीच्या मंदिराजवळ सासू-सुनेची विहीर आहे, अर्धं पाणी गोड, अर्धं खारं, असं सांगतात. खारी सासू की सून, हे मात्र कुणी सांगेना.

२०२० च्या जूनमध्ये हे हिरवट पाणी एकाएकी गुलाबी झालं. पाणी कमी होऊन क्षार वाढले आणि मीठ आवडणारे सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत निघालं. लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याचं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं. आता तिथे कुंपण आहे, पहारा आहे, जगभरचे शास्त्रज्ञ येतात. आणि ते योग्यच आहे.

हे सगळं मी रूममेटच्या गावी, तिच्या आजीला रंगवून सांगत होते. आजी पाटीवर गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लोनारचं पानी खारं, तं तुमी गाड्या करून पाहाले जाता. आमचं बी खारंच हाये पोरी. आमच्याकडं कोनी नाई येत."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाण पट्टा. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीचा एक मोठा तुकडा खचला आणि त्या द्रोणात नद्यांनी लाखो वर्षं गाळ भरला, शेकडो मीटर जाड. चिकण मातीतून पाण्याचा निचरा होत नाही, म्हणून क्षार आतच साठले. म्हणजे लोणारचंच सूत्र, फक्त वरून खड्डा दिसत नाही. बोअर मारली की खारं पाणी. ते शेताला दिलं तर काळी जमीन दगडासारखी होते, म्हणून पिकं पावसाच्या भरवशावर : कपाशी, तूर, हरभरा. तिथून जेमतेम काही किलोमीटर उत्तरेला, सोनाळ्याकडे, अंबाबरवा अभयारण्याच्या वेशीवर विहिरीचं पाणी गोड आणि संत्र्याच्या बागा हिरव्यागार. आम्ही वारी भैरवगडला वान नदीवरचं धरण पाहिलं. पाणी इतकं नितळ की रूममेट बराच वेळ काही बोललीच नाही. याच धरणावरून खारपाणातल्या गावांसाठी नळयोजना झाली. पण तिच्या घरी नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. म्हणून दारात निळे कॅन रांगेत उभे असतात.

परीक्षेनंतर लॅबमधला टीडीएस मीटर परवानगीने घेऊन गेलो होतो. प्यायच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालतील, असं भारतीय मानक म्हणतं. तिच्या अंगणातल्या बोअरने दोन हजार ओलांडले. तिचे मोठे काका आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अकोल्याला जातात. गल्लीत असे ते एकटे नाहीत. या पट्ट्यातून किडनीच्या आजाराच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. वर्तमानपत्रात वाचताना ती बातमी असते. काका स्वतः चहाचा अर्धा कप मोजून पितात आणि आपल्याला पूर्ण भरून देतात, तेव्हा ती बातमी राहत नाही.

मित्रांनो, आपण इंजिनिअर होणार आहोत. आरओ बसवा, हे उत्तर मलाही येतं. पण आरओ जेवढं गोड पाणी देतो त्याहून जास्त खारं बाहेर टाकतो, आणि गावात ते त्याच अंगणात मुरतं. त्यापेक्षा छपरावरचा पाऊस टाकीत साठवला तर? जून ते सप्टेंबर आकाशातून गोडच पाणी पडतं. पाच माणसांना फक्त प्यायला वर्षभर किती लिटर लागतील, त्यासाठी किती चौरस फूट पत्रा, केवढी टाकी, किती खर्च, एवढा हिशोब आपल्याला सेकंड इयरपासून येतो. फायनल इयरचा आमचा प्रोजेक्ट आम्ही दोघींनी हाच ठरवला आहे. सिव्हिलची दोन डोकी कमी पडताहेत, इच्छुकांनी भेटावं. साइट व्हिजिटला आजींच्या हातची ज्वारीची भाकरी आणि झुणका नक्की.

बाकी, लोणारला जाणारच असाल तर हिवाळ्यात जा, सकाळी लवकर उतरा. आणि पाण्याची बाटली हॉस्टेलवरूनच भरून न्या.