झोपू का, असं विचारणारा कॉम्प्युटर

परवा कपाट आवरताना एक जुनी सीडी सापडली. वर मार्करनं ‘इस्लापूर २००७’ एवढंच लिहिलेलं. आत माझाच व्हीबी ६ चा कोड. चहा थंड होईपर्यंत वाचत बसलो. खरं सांगायचं तर लाज वाटली :-)

इस्लापूर हे माझं आजोळ. नांदेड जिल्हा, किनवट तालुका. सहस्रकुंडचा धबधबा बघायला गेला असाल तर नाव ऐकलं असेल. माझ्या मामेभावानं, म्हणजे दादानं, तिथं दोन कॉम्प्युटर टाकले होते. आसपासच्या शाळांच्या याद्या टाइप करून द्यायचं काम मिळायचं. त्या वर्षांत खेड्यापाड्यांत दहा-दहा, बारा-बारा तास लोडशेडिंग. दादाकडं ६०० व्हीएचा यूपीएस होता, तो त्या जुन्या अवजड मॉनिटरसकट जेमतेम पंधरा मिनिटं टिकायचा. त्यातून तो अगदी साधा, कॉम्प्युटरला खबर देणारी केबलच नसलेला. म्हणजे लाईट गेल्याचं अख्ख्या गावाला कळायचं, विंडोजला मात्र नाही!

मी तेव्हा पुण्यात नवा नवा नोकरीला लागलेलो. ‘त्यात काय एवढं’ म्हणत दोन गोष्टी केल्या. पहिली, ‘पॉवरसीएफजी’ ही कमांड वापरून विंडोज एक्सपीला सांगितलं की पाच मिनिटं कुणी हात लावला नाही तर हायबरनेट हो. हायबरनेट म्हणजे मेमरीत जे काही असेल ते हार्ड डिस्कवर लिहायचं आणि मशीन पूर्ण बंद करायचं. मग लाईट किती का तास जाईना. दुसरी, याद्या भरायचा प्रोग्राम लिहून दिला. आणि इथं माझी हुशारी नडली.

एक्सपीची रीत अशी होती, की झोपायच्या आधी ते चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला विचारायचं, “झोपू का?” प्रोग्रामला “नको” म्हणता यायचं. मी लिहिलं, यादी सेव्ह झाली नसेल तर “नको” म्हण. काम अर्धवट असताना मशीन झोपू नये, एवढाच विचार. वर सगळी नावं मेमरीतच ठेवून शेवटी एकदम डेटाबेसमध्ये टाकायची, कारण ते फास्ट होतं.

जुलैतल्या एका दुपारी लाईट गेली. दादा निवांत जेवायला गेला. पाच मिनिटांनी विंडोजनं विचारलं, माझा प्रोग्राम “नको” म्हणाला. यूपीएस ओरडून ओरडून गप्प झाला. सकाळपासून टाइप केलेली एका शाळेची शिष्यवृत्तीची यादी गेली. ती दुसऱ्या दिवशी द्यायची होती.

फोनवर दादा चिडलाही नाही. “आरं, तूच म्हन्लास ना आपोआप झोपतंय म्हणून? म्हणून तर मी उठलो.” रात्री उशिरा लाईट आल्यावर त्यानं ती सगळी यादी पुन्हा टाइप केली. यादी वेळेवर पोचली. पण झोपेच्या भरात एखाद्या पोराचं नाव सुटलं असतं तर? मी पुण्यात बसून हा विचार करत होतो, ट्यूबलाइटच्या उजेडात.

पुढच्या वर्षी दादानं नवीन मशीन घेतलं. त्यावर व्हिस्टा, जे जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलं होतं. माझी सेटिंगची स्क्रिप्ट तिथं अडखळली. एक्सपीत पॉवर स्कीमला साधा क्रमांक आणि नाव असायचं, व्हिस्टात प्रत्येक प्लॅनला ३२ अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळख. कमांडचे पर्यायही बदललेले. ते जमवलं, पण माझं “नको” काही चालेना. आधी चरफडलो. मग डॉक्युमेंटेशन वाचलं, तर व्हिस्टापासून तो प्रश्नच काढून टाकलेला! आता मशीन फक्त कळवतं, “झोपतोय.” आवरायला साधारण दोन सेकंद मिळतात. काम चालू असेपर्यंत आपणहून झोपू नकोस, अशी विनंती आजही करता येते. पण झोपायचं ठरल्यावर कुणाला अडवता येत नाही.

सुरुवातीला ही मला दादागिरी वाटली. नंतर पटलं. एका प्रोग्रामच्या “नको”मुळे लॅपटॉप बॅगेत जागाच राहून तापायचे, बॅटरी संपायची. प्रत्येक प्रोग्रामला आपलंच काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, माझ्यालाही वाटलं होतं. शिवाय व्हिस्टानं डेस्कटॉपला ‘हायब्रिड स्लीप’ दिली. झोपतानाच मेमरीची प्रत डिस्कवर लिहून ठेवायची, मग वीज गेली तरी काम शाबूत. जणू इस्लापूर बघूनच कुणी लिहिलं असावं.

माझा खरा उपाय मात्र एका ओळीचा निघाला. प्रत्येक नावानंतर एंटर दाबलं की लगेच सेव्ह. थोडं हळू, पण कुणाची परवानगी मागायची गरज नाही. लाईट तरी कधी विचारून जाते?

त्यानंतर ७ आलं, ८, १०, ११ आलं. झोपेचे प्रकार बदलले, आता कित्येक लॅपटॉप तर झाकण मिटल्यावरही अर्धवट जागेच असतात. दर वेळी कोड थोडा बदलावा लागला. ती एक ओळ मात्र कधीच नाही.

असो. दादा अजूनही लाईट गेली की आधी सेव्ह करतो आणि मगच खुर्चीवरून उठतो. प्रोग्राम स्वतः सेव्ह करतो, हे त्याला मी कितीदा सांगितलंय. पण त्याचा माझ्यावर विश्वास नाही. आणि बरोबरच आहे त्याचं :-)