नियमित खातेदार

२००८च्या उन्हाळ्यात सहकारी सोसायट्यांच्या आम्हा गटसचिवांना याद्यांशिवाय दुसरं काम नव्हतं. केंद्राची कर्जमाफी जाहीर झाली होती आणि लाभार्थ्यांच्या याद्या जूनअखेर फलकावर लागायच्या होत्या. पाच एकरांपर्यंत जमीन असेल तर थकबाकी पूर्ण माफ. त्याहून जास्त असेल तर ठरावीक सूट तेवढी, तीही बाकीची रक्कम भरल्यावर. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू आठ एकरांत काय पिकतं हे दिल्लीला कोण सांगणार? पण सगळ्यात जास्त आवाज या आठ एकरवाल्यांचाही नव्हता. तो होता वेळेवर भरणाऱ्यांचा. ‘बायकोचा डाग मोडून हप्ता भरला जी. आमाले काय भेटलं?’ मी वरवर नियम सांगत होतो, मनातून मात्र त्यांच्याच बाजूचा होतो.

त्याच दिवसांत आमच्या मंडळीच्या उपास-प्रार्थनेत एकजण साक्ष द्यायला उभा राहिला. उभी हयात दारूत घालवलेला, घरच्यांनी टाकलेला. प्रभूनं मला उचललं, एवढंच तो नीट बोलू शकला. लोक रडले, पाळकांनी मिठी मारली, बाप्तिस्म्याची तारीखही ठरली. मी पुढच्या बाकावर कोरडा बसून होतो.

माझं घराणं फ्री मेथॉडिस्ट. लहानपण यवतमाळात गेलं. युनियन बिब्लिकल सेमिनरी तेव्हा आमच्याच गावात होती. १९५३पासून इथं, पुढे १९८३ साली ती पुण्याला गेली. नागा, मल्याळी विद्यार्थी मोडक्या मराठीत आमचं संडे स्कूल घ्यायचे आणि वचनं पाठ केली की बक्षीस द्यायचे. बक्षिसं बहुतेक मलाच. पुढे दशमांश चुकला नाही, उपासना बुडली नाही. देवाच्या दप्तरी आपलं खातं कधी थकलं नाही, असा माझा हिशेब होता.

बाप्तिस्म्यानंतरच्या प्रभुभोजनाला तो माणूस माझ्या शेजारीच बसला. बोटभर उंचीचा तो काचेचा पेला त्याच्या हातात थरथरत होता. अर्धा द्राक्षरस पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. उरलेला त्यानं पिऊन टाकला, सदऱ्यावरच्या डागाकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून खुदकन हसला. त्याला लाज वाटली नाही, याचाच मला राग आला.

त्या रविवारी पाळकांनी मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळा घेतला होता. पहाटे आलेल्या मजुराला जी मजुरी, तीच दिवस मावळताना आलेल्यालाही. पहाटेचे मजूर कुरकुर करतात, ती तर आमच्या सोसायटीच्या ओट्यावर मी रोज ऐकत होतो. आता तीच माझ्या पोटातून येत होती.

कमाईचा हा हिशेब मोठ्यांनाही चुकलेला नाही, हे नंतर वाचलं. जॉन वेस्ली ऑक्सफर्डला असल्यापासून उपास, प्रार्थना, तुरुंगातल्या भेटी सगळं नेमानं करायचे. मिशनरी म्हणून अमेरिकेलाही जाऊन आले. तरी तारण आपल्या कमाईचं नव्हे, हे त्यांना उमगलं ते २४ मे १७३८च्या संध्याकाळी, लंडनच्या एका साध्या सभेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा, इंग्लंडातला. पण धर्म हाती आला तरी ख्रिस्त भेटायचा राहिला होता, तो काही वर्षांनी भेटला, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे.

मला ना प्रकाश दिसला, ना रडू आलं. दप्तरातच कळलं म्हणायचं. माफ झालेलं कर्ज हवेत विरत नाही, हे गटसचिवापेक्षा कोण जास्त जाणतो? शेतकऱ्याचं खातं निरंक होतं, कारण ती रक्कम दुसरा कुणीतरी बँकेत भरतो. क्रूसावर नेमकं हेच झालं, असं मी वर्षानुवर्षं तोंडपाठ म्हणत आलो होतो. त्या खात्यात माझंही नाव असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. ते मनात आलं त्या रात्री प्रार्थनेला बसलो तेव्हा देवाला सांगायला काही जमा नव्हतं. हायसं वाटलं. आणि थोडी भीतीही, कारण ज्याचं आपण काही देणं लागत नाही असं वाटायचं, त्याच्यासमोर आता मी रिकाम्या हातानं बसलो होतो.

दशमांश अजूनही देतो. पण कुणी मंडळीत उशिरा आला की घड्याळाकडे बघायची माझी सवय हळूहळू सुटली. बायकोच्या ते माझ्याआधी लक्षात आलं.

ऑफिसात हे सगळं एकदा एका आठ एकरवाल्याला सांगत होतो. यादीत नाव नव्हतं म्हणून तो चिडून आला होता. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, ‘म्हंजे तुमच्या देवाच्या घरी पाच एकराची अट नाई?’

नाही म्हटलं.

‘मंग तिथं यादी कोन करते?’ असं विचारून त्यानं आठ-अचा उतारा माझ्या टेबलावर आपटला.