साहेब आणि सार्जंट

खुनी कोण हे कळले की गुप्तहेरकथेतील रस आटतो, अशी एक समजूत आहे. ती खरी असती, तर दूरचित्रवाणीवरील इन्स्पेक्टर मोर्सची तीच ती प्रकरणे आमच्या घरी दर उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा का पाहिली जातात, याचा उलगडा होत नाही. मे महिन्याच्या दुपारी धरमपेठेच्या रस्त्यांवर चिटपाखरू नसते, कूलरच्या घरघरीत निम्मे संवाद बुडतात, आणि खुन्याचे नाव तर घरातील मंडळींना तोंडपाठ झालेले असते. तरीही उठत कोणी नाही. खुनाचा प्रश्न सुटला तरी मोर्स आणि त्याचा सार्जंट लुईस या दोघांचे जमणार कसे, हा प्रश्न शिल्लकच राहतो!

ही इंग्रजी मालिका १९८७ ते २००० या काळात चालली. प्रकरणे झाली ३३. मोर्सने ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट सोडलेले; वाग्नरचे संगीत, शब्दकोडी आणि बियर हा त्याचा संसार. लुईस न्यूकॅसलकडचा, बायकामुलांत रमणारा सरळ गृहस्थ. मूळ कादंबऱ्यांत कॉलिन डेक्स्टर यांनी लुईसला वेल्सचा व प्रौढ वयाचा रंगविले होते. दूरचित्रवाणीने त्याला तरुण केले. हा बदल आम्हांस मोठा शहाणपणाचा वाटतो. साहेब आणि हाताखालचा मनुष्य या नात्यात त्यामुळे गुरुशिष्यांचे नाते शिरले, आणि नाते आले की अपेक्षा आलीच.

आमच्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी धनंजय आणि छोटू ही जोडी दिली. शाळकरी वयात वाचनालयातून ती पुस्तके आणून आम्ही अधाशासारखी वाचली. परंतु धनंजय आपल्याला बरे म्हणेल की नाही, या काळजीने छोटू कधी झुरल्याचे आम्हांस आठवत नाही. लुईस मात्र झुरतो. मोर्स त्याचे व्याकरण सुधारतो, बियरचे पैसे त्यालाच द्यावयास लावतो. लुईस सहज काही बोलून जातो, त्या शब्दावरून मोर्सला धागा सापडतो, आणि साहेब तसाच मोटारीकडे धावतो. "अहो, 'बरे केलेस' म्हणायला ह्याच्या जिभेला काटा टोचतो का?" असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी किती वेळा विचारला असेल!

आम्हांस यात इंग्रजी असे काहीच दिसत नाही. मुलगा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला, तर त्याच्या तोंडावर "गणितातले चार गुण कुठे गेले?" एवढेच विचारणारे आणि मग सबंध गल्लीत पेढे वाटणारे वडील आमच्या पिढीतील कोणी पाहिले नाहीत? आभार ही सभेच्या कार्यक्रमपत्रिकेतील शेवटची बाब. घरात ती वस्तू तिऱ्हाइताच्या हातूनच पोहोचावयाची. २००० सालच्या शेवटच्या प्रकरणात मोर्स रुग्णालयात अखेरच्या घटका मोजीत असतो. जवळ लुईस नसतो, वरिष्ठ स्ट्रेंज असतो. आणि लुईसचे आभार मानावयाचा निरोप मोर्स त्याच्यापाशी ठेवतो. पेढे गल्लीत वाटले गेले. लुईस शवागारात जाऊन त्याच्या कपाळाचे चुंबन घेतो, ते दृश्य आमच्या घरी कोणी कोणाकडे न पाहता पाहते.

पुढे २००६ साली लुईसच्या नावाची स्वतंत्र मालिका निघाली व ती २०१५ पर्यंत चालली. येथे पारडे उलटले. साधा लुईस आता इन्स्पेक्टर, आणि त्याचा सार्जंट हॅथवे हा केंब्रिजचा पदवीधर, धर्मोपदेशक होता होता पोलिसांत आलेला! काव्यशास्त्राचे ज्ञान आता हाताखालच्यापाशी. लुईस त्याची थट्टा करतो, त्याच्याबरोबर पेला घेऊन बसतो, आणि चांगल्या कामाला चांगले म्हणून टाकतो. अखेरीस हॅथवे इन्स्पेक्टर होतो, आणि निवृत्त लुईस त्याच्या मदतीला परत येतो. हे शेवटचे भाग आम्ही जरा अधिक लक्षपूर्वक पाहतो. कारण आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी आमच्याच महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. आमचा रजेचा अर्ज आता त्याच्या टेबलावर जातो. आम्ही खोलीत शिरलो की तो उठून उभा राहतो. "बसा" असे नक्की कोणी कोणाला म्हणावयाचे, हे अद्याप ठरलेले नाही. कारभार मात्र त्याने उत्तम चालविला आहे. हे आम्ही ग्रंथपालांना सांगितले आहे, लेखनिकांना सांगितले आहे, गोकुळपेठच्या बाजारात भाजी घेताना भेटलेल्या त्याच्या वडिलांनाही सांगितले आहे. एव्हाना त्याच्या कानावर गेलेच असेल.