टॅक्सी ऐकू येणारी तबकडी

बनारसजवळच्या रामनगरच्या रामलीलेत आजही माइक नसतो, विजेचे दिवे नसतात. पेट्रोमॅक्स आणि मशालींच्या उजेडात लीला चालते. संवादाआधी ‘चुप रहो, सावधान’ अशी हाक येते आणि हजारोंची गर्दी गप्प होते. त्या शांततेत पहिल्यांदा बसलो, तेव्हा मला ‘बीटल्स’ या बँडमधला जॉर्ज हॅरिसन आठवला. १९६६ साली पंडित रविशंकर त्याला आपल्या जन्मगावी, बनारसला घेऊन आले होते. साधूंचे तांडे, महिनाभर चालणारी लीला, हत्तीवरून येणारे काशीनरेश, सगळं त्या तेवीस वर्षांच्या बीटलनं डोळे भरून पाहिलं.

तो जमाना बबलगम पॉपचा, हलक्याफुलक्या गोड गाण्यांचा. १९६९ मध्ये ‘शुगर, शुगर’ जगभर वाजलं, तेही आर्चीज या चित्रकथेतल्या पोरांच्या नावावर! अशा गाण्यांना मी नावं ठेवणार नाही. पाय आपोआप ठेका धरतात. पण त्याच दिवसांत हॅरिसन या पॉप गायकानं आपली पहिली एकट्याची तबकडी काढली आणि तीत स्वतः एकही गाणं गायलं नाही. ती ‘वंडरवॉल म्युझिक’, नोव्हेंबर १९६८.

जो मॅसॉट या दिग्दर्शकाच्या चित्रपटासाठी केलेलं हे संगीत. काही भाग लंडनचा, पण माझा जीव अडकलाय तो मुंबईच्या भागात. जानेवारी १९६८ मध्ये फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत हॅरिसन काही दिवस बसला. स्टिरिओ यंत्र एचएमव्हीच्याच भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी कलकत्त्याहून रेल्वेनं आणलं. स्टुडिओ कचेऱ्यांच्या वर, आवाज अडवायची सोय नाही. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावर पावलांचा असा धडधडाट उठे, की ध्वनिमुद्रण थांबवावं लागे. नीट कान दिला तर रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सीही ऐकू येतात, असं खुद्द त्यानंच सांगून ठेवलंय. लंडनच्या बंदिस्त स्टुडिओत हे खपलं नसतं. मला मात्र या तबकडीत तेच सगळ्यात प्रिय आहे. सनई चालू आहे, आणि खाली आपली मुंबई घरी निघाली आहे.

वाजवणारे कोण? सरोदवर आशिष खाँ. तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र, बनारसच्या अनोखेलाल मिश्रांचे शिष्य. संतूरवर शिवकुमार शर्मा. बासरीवर एस. आर. केंकरे, सनईवर शरद आणि हनुमान. या दोघांचं आडनाव इंग्रजीत ‘जाडेव’ छापलंय. मी ते जाधव असंच वाचतो. केंकरे हे नाव बीटलच्या तबकडीवर पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी ते बोटानं चाचपून पुन्हा वाचलं होतं.

लीला संपल्यावर गंगा ओलांडून ब्रह्माघाटावर आलो. मराठी घरांच्या त्या गल्लीत, ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकांना गच्चीवर मोबाइलवरून या तबकडीतली सनई ऐकवली. त्यांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “वाजवणारा आपल्याकडचा दिसतो.” हॅरिसनचं नाव मी त्यानंतर सांगितलं.

ही तबकडी कुठे हाती लागलीच, तर आधी त्यावरची वादकांची नावं वाचा. सुई मग टेकवा.