असू दे

पैठणहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघालेली एकनाथ महाराजांची पालखी आमच्या शेवगाव तालुक्यातून, हादगाव-लाडजळगावमार्गे, पंढरीकडे जाते. वाटेत कधी ऊन भाजते, कधी आषाढसरी झोडपतात. तरी कित्येक वारकरी स्त्रियांच्या खांद्यावर एकच पिशवी दिसते: एक लुगडे आणि प्लास्टिकचा कागद. पावसात त्याची खोळ होते, रात्री तोच अंथरूण.

मी मात्र चार दिवसांच्या प्रवासालाही 'असू दे, असू दे' म्हणत बॅग फुगवतो. त्या प्रत्येक 'असू दे'मागे वाटेवरच्या माणसांविषयीचा अविश्वास असतो. त्या स्त्रियांचे 'असू दे' दिंडीच्या ट्रकने आणि मुक्कामाच्या गावांनी उचललेले असते. विरक्तीपेक्षा या भरवशानेच पिशवी हलकी होते. असा भरवसा कुणी आपल्या उंबऱ्यावर ठेवील काय?